पहिलं घर रिकामं

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी एका दमात सांगतो: वसुधाबाई लेले. मक्या, तुझ्यावर लिहायला बसलो आणि पहिलं नाव बाईंचं आलं, याचा राग मानू नकोस. तुझ्याऐवजी मी गेलो असतो तर तूही तेच केलं असतंस. तू तर अख्खा लेख बाईंवर लिहून शेवटी "गावंडेही गेला, वाईट झालं" एवढं एक वाक्य टाकलं असतंस आणि मार्केट यार्डातल्या दुकानात गुळाच्या ढेपा उतरवून घ्यायला निघून गेला असतास.

तुझं तेरावं झालं. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोललो. पण तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो. मी तुझ्यावर जळत होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून. आणि तू गेलास म्हणून ते थांबलेलं नाही.

तुला माझी सुरुवात ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही. मी पुसदकडचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शिक्के मारायचे. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. पुण्यात बाई आम्हाला गणित शिकवायच्या. लेखी पेपर मी बरे लिहायचो, पण तोंडी परीक्षेला किंवा फळ्यासमोर उभा राहिलो की हात थरथरायचे. खडू फळ्यावर टकटक वाजायचा आणि मागच्या बाकांवरून हशा यायचा. एकदा बाईंनी तास संपल्यावर मला थांबवलं.

"गावंडे, रविवारी सकाळी मोकळे आहात का?"

मला वाटलं जादा तास असेल. सांगितलेल्या पत्त्यावर मी वही आणि कंपासपेटी घेऊन पोचलो. ते निघालं टेकडीच्या पायथ्याचं नेमबाजीचं मैदान. तिथे कानात कापूस घालून तू उभा होतास. आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेला. माझ्या हातातली कंपासपेटी बघून तू म्हणालास, "काय रे, गोळी कर्कटकानं मारणार का?"

तेव्हापासून मी जळायला लागलो. कारण बाई हसल्या. वर्गात कधी न हसणाऱ्या बाई तुझ्या बोलण्यावर हसल्या.

त्यांचं ते रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. बाईंच्या सासऱ्यांचं होतं, त्यांच्यानंतर परवाना बाईंच्या नावावर झालेला. इतकं लहान की बाईंच्या तळहातावर ठेवलं तर बोटांची टोकं बाहेर दिसत होती. सिनेमातलं रिव्हॉल्व्हर डोक्यात असलेल्या माझ्यासारख्याला ते खेळणं वाटलं. मी तसं म्हणालोही. बाईंनी माझी वही मागितली, कंपासपेटीतली छोटी पट्टी काढली आणि म्हणाल्या, "या पट्टीनं पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेष आखा."

पट्टी पुरेना. मी ती सरकवत सरकवत रेष पुढे नेली. शेवटी रेष कोपऱ्याच्या बोटभर खाली जाऊन पोचली.

"सुरुवातीला किती चुकलात?"

"दिसतही नाही, बाई."

"आणि शेवटी बोटभर. लांब नळीची बंदूक म्हणजे लांब पट्टी. ही छोटी पट्टी आहे. इकडे केसाएवढं चुकलं की तिकडे कागदच सुटतो. खेळणं म्हणालात ना? आता खेळा."

मग त्यांनी शिकवलं. नळीच्या टोकावर एक बारीकसा खुंट असतो, नजर त्याच्यावर ठेवायची. लक्ष्य पुसट दिसलं तरी चालेल, खुंट स्वच्छ दिसला पाहिजे. चाप एकदम ओढायचा नाही, लिंबाचा शेवटचा थेंब पिळावा तसा हळूहळू दाबत जायचा. बार कधी होईल हे आपल्यालाही कळता कामा नये. माझे पंजे मोठे. त्या मुठीवर माझी दोन बोटं मावायची, करंगळी बिचारी खाली दुमडून बसायची. तुझी बोटं बारीक. तुझ्या हातात ते असं बसायचं की जणू तुझ्याच मापानं शिवून घेतलंय.

आणि बाईंचा एक नियम होता. बार झाला की कागदाकडे बघण्याआधी गोळी कुठे लागली ते मोठ्यानं सांगायचं, कागदावरचं काळं वर्तुळ म्हणजे घड्याळ मानून. तू म्हणायचास, "आठ वाजता, काळ्याच्या जरा बाहेर." कागद आणला की आठ वाजता, काळ्याच्या जरा बाहेर. मी दर वेळी म्हणायचो, "मध्यभागी." कागद आणला की पाच वाजता, पांढऱ्यात. तू घडलेलं सांगायचास, मी मनातली इच्छा सांगायचो. हे कसं जमायचं तुला? दोनदा नापास झालेल्या पोराला आपला हात नेमका कधी हलला हे कळायचं, आणि पहिल्या वर्गात पास होणाऱ्या मला कळायचं नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो. तिच्यावरून आपलं शेवटपर्यंत वाजलं.

नवशिक्याचा हात गोळीच्या आवाजाला घाबरून आधीच झटकतो. धुरात आणि धक्क्यात ते कळत नाही. म्हणून बाईंनी आपल्याला एकमेकांसाठी रिव्हॉल्व्हर भरायला लावलं. चक्रात पाच भोकं, बाई त्यांना घरं म्हणायच्या. भरणाऱ्यानं काही घरांत जिवंत काडतूस घालायचं, काहींत झडलेली रिकामी पुंगळी. मारणाऱ्यानं पाठ फिरवून उभं राहायचं. मग हातात घ्यायचं, नेम धरायचा, चाप दाबायचा. पुंगळी आली तर नुसता टक् आवाज, आणि हात झटकत असेल तर त्या शांततेत नळीचं नाक खाली आपटताना सगळ्यांना दिसतं. कुठे लपायची सोय नाही.

मक्या, तू माझ्यासाठी भरताना पहिलं घर कायम रिकामं ठेवायचास. कायम. बाकीची घरं तू उलटसुलट करायचास, त्यांचा अंदाज मला कधी आला नाही. पण पहिला चाप दाबला की टक्. नळी खाली. आणि बाई बाजूलाच उभ्या.

"हात झटकला, गावंडे," बाई शांतपणे म्हणायच्या. "हरकत नाही. चालू ठेवा."

सुरुवातीला मला तो योगायोग वाटला. मग खात्री झाली. पहिलं घर रिकामं आहे हे माहीत असूनही माझा हात झटकायचाच, ही आणखी चीड. बाईंसमोर माझी पहिलीच चाल फसावी अशी तुझी व्यवस्था आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी विचारलं की तू उडवून लावायचास. "काहून बे पुसद, एका 'टक्'ला घाबरून राहिला?" माझी बोली तू माझ्यापेक्षा बरी बोलायचास.

आणि बाईंचं तुझ्याशी बोलणं. ते ऐकलं की मला कुठे बघावं कळायचं नाही.

"मकरंद, लक्ष्य समोर आहे. ढगांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"मकरंद, गूळ खाऊन रिव्हॉल्व्हरला हात लावलास. लक्ष्यापर्यंत आता मुंग्या जातील, तुझ्या गोळीच्या आधी."

"वा! शेजारच्या लक्ष्याला आज फार बरं वाटलं असेल."

तू खो खो हसायचास आणि परत तेच करायचास. माझा बार कुठेही गेला तरी मला मिळायचं ते "छान. प्रयत्न चालू ठेवा." पाहुण्याला साखर कमी झाली का विचारावं तसं. तुला कधी कळलं नसेल, पण त्या मुंग्यांच्या वाक्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. माणूस ज्याला आपला मानतो त्यालाच असं बोलतो, हे पुण्यात राहून मला लवकरच समजलं होतं.

तरीही मी सुधारलो. हे तुझ्या नाकावर टिच्चून नव्हे, बाईंच्या पायाशी बसून, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. दुपारी बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी बसून मी गणितं सोडवली, त्यांनी माझं इंग्रजी दुरुस्त केलं, जेवल्याशिवाय कधी पाठवलं नाही. तिथेही अधूनमधून दारात तुझी स्कूटर वाजायची. "बाई, चहा आहे का?" आणि बाई आतून, "तुझ्यासाठी नाही, पण दार लावून घे." म्हणजे चहा आहे.

मग खराडीत कंपन्या आल्या. शेतं संपायच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्यासारख्यांना तिथून बोलावणी येऊ लागली. माझ्या पहिल्या मुलाखतीला तू मला स्कूटरवर सोडलंस. गेटजवळ उतरलो, गळ्यातली टाय मला गुदमरवत होती. तू स्कूटर स्टँडवर लावलीस, फुटपाथवर उभा राहिलास आणि नाकातून साहेबी आवाज काढून म्हणालास, "सो, मिस्टर गावंडे, टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"मक्या, वेळ नाहीये."

"टेल मी, मिस्टर गावंडे."

मी सुरू केलं आणि "माय नेम इज" वरच अडकलो. हात थरथरले. वॉचमन बघत होता. तू पोट धरून हसलास. मी तुला तिथेच शिवी दिली, वळलो आणि संतापानं तडातडा चालत आत गेलो. आत तोच प्रश्न आला आणि उत्तर सरळ बाहेर पडलं. नोकरी लागली. पेढे घेऊन मी आधी बाईंकडे गेलो. तुला फोन संध्याकाळी केला, आणि गेटजवळचा अपमान त्या फोनवरही काढला. तू म्हणालास, "पेढे ठेव माझे. आत्ता गुळाची गाडी आलीय."

वर्षं गेली. तू वडिलांची गादी सांभाळलीस, मी इमारती बदलत एकाच रस्त्यावर पुढे सरकत राहिलो. लग्नं झाली, पोरं झाली. रविवार मात्र सुटला नाही. बाईंचे केस पांढरे झाले, ऐकू कमी आलं, पण मैदानावर खुर्ची टाकून त्या बसायच्या. तू भरायचास, मी मारायचो. मी भरायचो, तू मारायचास. पहिलं घर रिकामं.

या उन्हाळ्यात बाईंनी आपल्याला दोघांना चहाला बोलावलं. त्यांच्या बोटांना आता चाप दाबवत नव्हता. त्या म्हणाल्या, "मी परवाना सोडतेय. हे रिव्हॉल्व्हर मकरंदच्या नावावर करायचा अर्ज देते."

तू बशीतली बाकरवडी उचलत म्हणालास, "मला काय करायचंय, बाई? गुळाच्या ढेपेवर ठेवू?"

"तुझ्या डोक्यापेक्षा ढेप जास्त विचार करते. घ्यायचं."

मी "छान झालं" म्हणालो. ते दोन शब्द उच्चारायला जेवढे कष्ट पडले तेवढे मला मुलाखतीतही पडले नव्हते. मी कॉलेजभर बाईंच्या घरी रोज दुपारी बसलेला. मी त्यांच्यामुळे माणसांत आलेला. आणि ते तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर, ज्याच्यावर मी उभा राहायला शिकलो, ते तुला. तुझ्या बारीक बोटांना.

त्यानंतरच्या रविवारी मैदानावर तू माझ्यासाठी भरलंस. मी चाप दाबला. टक्. एवढ्या वर्षांनंतरही नळी जराशी झुकली. मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "बास झालं आता. बाईंसमोर मला पाडायचा एकही रविवार तू सोडला नाहीस. आता तर ते तुझंच झालंय. तरी का?"

तू माझ्याकडे बघितलंस. हसला नाहीस. एवढंच म्हणालास, "चार घरं राहिलीत. मार."

मी मारलं नाही. परतताना तुझ्या गाडीत न बसता रिक्षा केली. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, आणि त्याच आठवड्यात पहाटे वहिनींचा फोन आला. झोपेतच गेलास. हार्ट अटॅक, म्हणाले. आदल्या दिवशी बरा होतास, मुलीला गणित शिकवत होतास म्हणे. तू! गणित!

तेराव्यानंतर बाईंकडे गेलो. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून जावंच लागतं. त्या खिडकीशी डाळ निवडत बसल्या होत्या. भिंतीवर तुझा एक जुना कागद चिकटवलेला, पाचही भोकं आठ वाजता. मी बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, "मूर्ख. एवढी घाई कुठल्या गोष्टीची होती? आयुष्यात कधी वेळेवर आला नाही." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

मक्या, मी तेव्हाही जळलो. तू मेल्यावरही त्या तुलाच रागवत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "आता ते तुमच्या नावावर करू. अर्ज बदलते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याच्यानंतर उरलेलं कशाला, बाई?" आणि मग सगळंच बाहेर आलं. पहिलं घर, टक्, एवढ्या वर्षांची चीड. बाईंना नीट ऐकू यावं म्हणून मी जवळजवळ ओरडत होतो. शेजारच्यांनी काय समजलं असेल देव जाणे.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं त्यानं सांगितलं असेल."

"काय?"

"पहिल्याच हिवाळ्यात तो मला म्हणाला होता. बाई, गावंडेची पहिली गोळी नेहमी घाईची असते. फळ्यावरही पहिली ओळ चुकवतो, मग नीट लिहितो. एकदा हात झटकून झाला की त्याच्याइतकं सरळ इथे कोणी मारत नाही, मी पण नाही. म्हणून मी पहिलं रिकामं ठेवतो. मी त्याला म्हटलं, मग गावंडेंना सांग. तर म्हणाला, सांगितलं की तो त्याचाच विचार करत बसेल." बाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "आणि मला म्हणायचा, त्याला तुम्ही छान म्हणता, मला एकदा तरी म्हणा की. मी नाही म्हटलं कधी. म्हणायला हवं होतं का हो?"

छान? मक्या, तुला ते 'छान' हवं होतं? ते पाहुण्यांचं, साखर कमी झाली का छाप 'छान'?

बिबवेवाडीतून बाहेर पडलो आणि गेटजवळचा तो फुटपाथ आठवला. नाकातला आवाज, "टेल मी, मिस्टर गावंडे." तेही पहिलं घर होतं. तू ते तिथे, वॉचमनसमोर, रिकामं उडवून टाकलंस, म्हणून आत जाताना माझा हात स्थिर होता. तुझ्या बारीक बोटांनी आधी पुंगळी घातली होती. मी शिवी देऊन आत गेलो, नोकरी घेऊन बाहेर आलो आणि पेढे दुसरीकडे नेले.

हे मला आवडलेलं नाही, स्पष्ट सांगतो. ज्या स्थिर हाताचं श्रेय मी बाईंना देत आलो त्यात तुझा वाटा आहे हे आता कळतंय, आणि तुला वाटा द्यायचा म्हणजे माझ्या पोटात दुखतं. त्याहून जास्त दुखतं ते हे की तुला माझा हात माझ्याहून नीट माहीत होता. मी एवढी वर्षं तुझ्यासाठी भरलं. कोणत्या घरावर तुझ्या नळीचं नाक खाली जातं, ते मी एकदाही पाहिलं नाही. तुझा कागद पाहायचो, तुझ्याशी तुलना करायचो. तू मला बघायचास. या एका बाबतीत मी तुझ्यावर सगळ्यात जास्त जळतो, आणि त्याच बाबतीत तुझे आभार मानतो. दोन्ही एकाच वेळी होतंय. कसं, ते मला सांगता येत नाही. तू असतास तर कागद न बघता सांगितलं असतंस.

परवा बाईंना पत्र टाकलं. ते इथे देतो, कारण त्यातलं अर्धं तुलाच लिहिलंय.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही अर्ज बदलू नका. मला ते नको. रागानं म्हणत नाही. तुमच्या हातात चाप दाबायचं बळ नसलं तरी भरायचं आहे, मी त्या दिवशी तुम्हाला डाळ निवडताना पाहिलं. म्हणून परवाना अजून तुमच्याच नावावर राहू द्या.

येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. खुर्ची मी घेईन. वहिनींनी दुकानातला गूळ दिला आहे, तो परत येताना खाऊ, आधी नाही.

मैदानावर तुम्ही भरा, मी मारीन. मी पाठ फिरवून उभा राहीन. चुकलो तर मला 'छान' म्हणू नका. मकरंदला बोलायचात तसं बोला. तो ऐकत नव्हता, मी ऐकेन.

पहिलं घर रिकामं ठेवायचं की भरलेलं, ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका.

आपला,
गजानन गावंडे